जाम झालेला स्पार्क प्लग आणि डब्ल्यूडी-४०: सोलापुरातील एका गाडीवरचा अनुभव

गेल्या मे महिन्यात माझ्या २००८ सालच्या मारुती ८०० चे तीन स्पार्क प्लग (ठिणगी पाडून इंधन पेटवणारे भाग) बदलण्यासाठी मी जुळे सोलापुरातील घरासमोर बॉनेट उघडले. पहिले दोन प्लग सहज सुटले, तिसरा मात्र जागचा हलेना. त्या प्लगवर आणि पुढे वर्षभर गाडीच्या इतर जाम भागांवर मी डब्ल्यूडी-४० या डब्यातल्या तेलकट द्रवाचा फवारा वापरला. जाम झालेले भाग घरी सोडवण्यासाठी हा डबा कितपत उपयोगी पडतो, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

प्लग अडकण्याची कारणे दोन होती. इंजिनाचे हेड (सिलिंडरवरचे झाकण, ज्यात प्लग बसतात) ॲल्युमिनियमचे असते आणि प्लगची बाहेरची बॉडी पोलादाची. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे वर्षानुवर्षे तापण्या-निवण्यात दोन्हींचे आटे एकमेकांवर घासत राहतात आणि मधल्या फटीत कार्बन व ओलावा बसतो. दुसरे कारण माणसाच्या हातचे होते. वॉशर असलेला १४ मिलिमीटर आट्यांचा प्लग ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर (पान्याच्या पिळाचे माप) इतकाच आवळायचा असतो. पूर्वी ज्या गॅरेजात तो बसवला होता तेथे लांब दांड्याच्या पान्याने बेसुमार आवळला गेला असावा, कारण बाहेर आल्यावर त्याचा वॉशर कागदासारखा चपटा झालेला दिसला.

डब्ल्यूडी-४० कडून काय अपेक्षा ठेवावी हे त्याच्या जन्मकथेवरून नीट कळते. १९५३ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथे रॉकेट केमिकल कंपनी या लहानशा कंपनीने क्षेपणास्त्रांच्या धातूला गंज लागू नये म्हणून पाणी हटवणारा द्रव शोधायला घेतला आणि चाळिसाव्या प्रयत्नात तो साधला. नावातील ‘डब्ल्यूडी’ म्हणजे पाणी विस्थापित करणे आणि ‘४०’ हा प्रयत्नांचा आकडा. म्हणजे हा द्रव मुळात ओलावा हटवण्यासाठी आहे. गंजलेल्या आट्यांत शिरणे हा त्याचा जोडगुण आहे. खोलवर गंजलेल्या भागांसाठी ही कंपनी स्वतःच वेगळे पेनिट्रेटिंग (फटीत खोल शिरणारे) तेल विकते, ही गोष्ट खरेदीपूर्वी लक्षात घ्यावी.

पहिल्या संध्याकाळी माझीच चूक झाली. प्लगच्या बुडाशी डब्याच्या लाल नळीने भरपूर फवारा मारून मी रात्रभर वाट पाहिली आणि सकाळी प्लग तसाच घट्ट होता. शेजारचे काका अनेक वर्षे लेथवर काम करत आले आहेत (सोलापुरात कॅमशाफ्ट घडवणारे कारखाने आहेत, त्यामुळे असे जाणकार हात इथे सहज भेटतात). त्यांनी तेल आत गेलेच नाही असे सांगितले. प्लगच्या बुडाचा वॉशर हेडवर दाबून बसलेला असतो आणि तो हलत नाही तोवर तेलाला आट्यांपर्यंत वाट मिळत नाही. दोष फवाऱ्याचा नव्हता, मारण्याच्या वेळेचा होता.

मग आम्ही क्रम बदलला. प्लगभोवतीच्या खोबणीतली माती सायकलच्या पंपाने उडवली, कारण ती सिलिंडरमध्ये पडली तर नव्या प्लगपेक्षा मोठा खर्च ओढवतो. काढलेले दोन्ही प्लग परत बसवून इंजिन दोन-तीन मिनिटे चालवले आणि हेड हाताला सोसेल इतके कोमट झाल्यावर बरोबर मापाच्या प्लग सॉकेटने, दांडा सरळ ठेवून, हळूहळू जोर दिला. इंजिन कडक तापलेले असताना हे करू नये, कारण तापलेल्या ॲल्युमिनियमचे आटे प्लगबरोबर निघून येतात. प्लग जेमतेम फेरीचा आठवा भाग फिरला आणि करकरला. करकर ऐकून पुढे ताकद लावणारा माणूस आटे घालवतो, आम्ही थांबलो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर फवारा मारला, अर्धा तास थांबलो, प्लग किंचित आवळला, पुन्हा सैल केला, पुन्हा फवारला. असे सहा-सात वेळा केल्यावर तेलात काळा चुरा वर आला आणि नंतर प्लग बोटांनी फिरू लागला. या टप्प्यावर डब्ल्यूडी-४० ने चोख काम केले. शेवटी इंधनपंपाचा फ्यूज व इग्निशनची जोडणी काढून, प्लग बाहेर असतानाच, दोन-तीन सेकंद सेल्फ मारला, म्हणजे आत उतरलेले तेल बाहेर फेकले जाते.

बॅटरीची क्लॅम्प, अल्टरनेटरच्या ब्रॅकेटचा बोल्ट आणि बॉनेटची कडी या सर्वांवर हा फवारा पहिल्याच प्रयत्नात लागू पडला. सायलेन्सरकडच्या, रोज कडक तापणाऱ्या स्टडवर (आटे असलेल्या दांड्यावर) मात्र मी तो सुचवणार नाही. तिथे खास पेनिट्रेटिंग तेल आणि जाणत्या हाताची उष्णता लागते. हा द्रव ज्वालाग्राही असल्याने फवारल्यानंतर त्याच जागी ज्योत लावणे अत्यंत धोक्याचे आहे.

कायमचे वंगण म्हणूनही तो चालत नाही, कारण त्यातील पातळ भाग उडून जातो. नवा प्लग बसवताना त्याच्या आट्यांना हा फवारा किंवा ग्रीस लावण्याचा मोह टाळावा. एनजीके ही प्लग बनवणारी कंपनी आपल्या मुलामा दिलेल्या आट्यांसाठी असे काही लावू नये असेच सांगते, कारण आटे बुळबुळीत झाले की पान्याला जाणवतो त्यापेक्षा प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो आणि पुढच्या वेळी तोच प्रसंग पुन्हा उभा राहतो.

या मर्यादा धरूनही मी त्याला पाचपैकी चार गुण देतो. डबा मात्र गाडीच्या डिकीत ठेवू नका. दाबाखालील असे डबे ५० अंश सेल्सिअसच्या वर तापू देऊ नयेत अशी सूचना असते आणि सोलापूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील तापमान तेवढे सहज चढते. माझा डबा घरात जिन्याखालच्या कपाटात, प्लग सॉकेटशेजारी असतो.