शेल स्क्रिप्ट अडली: आधी शेलचेक की ट्रेस?

टर्मिनलमध्ये बिनबोभाट चालणारी शेल स्क्रिप्ट (म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल) लाँचरवरून, म्हणजे आयकॉनवर क्लिक करून, सुरू केली की गप्प बसते, तेव्हा हाताशी दोन साधनं असतात: चुका शोधणारा शेलचेक हा प्रोग्रॅम आणि ट्रेस, म्हणजे स्क्रिप्ट चालताना होणारी प्रत्येक कमांडची नोंद. शेलचेक स्क्रिप्ट न चालवताच वाचतं. व्हेरिएबलभोवती (व्हॅल्यू साठवणाऱ्या नावाभोवती) अवतरणचिन्हं घालायची राहिली असतील तर ओळ क्रमांकासकट ‘एससी२०८६’ असा इशारा देतं. फायली पुसणाऱ्या स्क्रिप्टवर मी आधी तेच चालवतो, कारण पुसलेलं परत येत नाही.

पण लाँचरचं दुखणं बहुतेकदा स्क्रिप्टच्या बाहेर असतं आणि ते शेलचेकला दिसत नाही. लाँचर बॅशआरसी, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल, वाचेलच असं नाही. मग तिथे वाढवलेला पाथ (कमांड कोणत्या फोल्डरांत शोधायच्या याची यादी) त्याच्या गावीही नसतो. अशा वेळी मी ट्रेसच निवडतो. स्क्रिप्टमध्ये वरच ‘सेट -एक्स’ टाकायचं आणि एरर आउटपुट एका फाइलकडे वळवायचं. प्रत्येक कमांड व्हेरिएबलच्या जागी खरी व्हॅल्यू भरून त्यात उमटते. अवतरणचिन्हांअभावी ‘माझे फोटो’ या फोल्डरच्या नावाचे दोन तुकडे पडलेले तिथे डोळ्यांना दिसतात. एक्झिट कोड (कमांड संपताना मिळणारा आकडा) १२७ आला तर कमांड सापडलीच नाही. १२६ म्हणजे सापडली, पण चालवता आली नाही, बहुधा परवानगीअभावी.

एक मात्र जपा: ट्रेसमध्ये पासवर्डही उघडे छापले जातात. ती फाइल कुणाला पाठवण्याआधी नीट वाचा.