व्हाइटबोर्ड घेतला त्याला आठ महिने झाले, म्हणून लिहितोय

मला स्किझोफ्रेनिया आहे, बारा वर्षं झाली. हा रिव्ह्यू माझ्यासारख्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. धुळ्यात पाचकंदीलजवळच्या एका स्टेशनरीच्या दुकानातून 2 बाय दीड फुटाचा बोर्ड घेतला, 420 ला, मार्कर आणि डस्टर सोबत मिळालं.

गोळ्यांनी कानात येणारे (आजूबाजूला कुणी नसताना ऐकू येणारे) आवाज थांबले पण कामाचा मेळ काही बसत नव्हता. डॉक्टरांनी नीट सांगितलं की आवाज, संशय यांच्यावर औषध चांगलं चालतं, पण आधी काय करायचं मग काय, ते डोक्यात धरून ठेवायचं, हे या आजारातच बिघडतं आणि गोळीनं त्यात फार फरक पडत नाही. घरात याला इतकी वर्षं आळस म्हणत होते, त्याचं फार वाईट वाटायचं. भरीत करायला घेतलं की वांगं गॅसवर ठेवून मी कांद्याची पात निवडायला बसायचो, मग शेंगदाणे नाहीत म्हणून दुकानात, तिथं गेल्यावर कशाला आलो तेच आठवायचं नाही, घरी येईपर्यंत वांग्याचा कोळसा आणि आई दारात, "काय करी राह्यना रे भाऊ?" मला खरंच सांगता यायचं नाही.

सुरुवातीला बोर्डवर अख्ख्या दिवसाची चौदा कामं लिहिली, ती बघूनच जाऊन झोपलो. मग वहिनी म्हणाली एका वेळी एकच काम लिहा भाऊजी, पण त्याच्या पायऱ्या पाडून. आता असं असतं, वांगं धू, सुरीनं टोच, तेल लाव, गॅस बारीक कर, इथंच उभा राहा. झालं की ती ओळ पुसायची. "इथंच उभा राहा" लिहायला लागल्यापासून एकही वांगं जळलं नाही.

क्लोझापिन, म्हणजे याच आजाराची एक गोळी, सुरू झालं तेव्हा पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं होतं, त्या गोळीनं पांढऱ्या पेशी कमी तर होत नाहीत ना ते बघायला. कडेला 18 चौकोन काढले, एकही तारीख चुकली नाही, आणि हे मी स्वतः सांभाळलं, कुणाला आठवण करून द्यावी लागली नाही.

आता तक्रारी. सोबतचा मार्कर पंधरा दिवसांत वाळला, वेगळा घ्या. गॅसजवळ लावू नका, फोडणीचा तेलकट थर बसतो आणि अक्षरं पुसतच नाहीत, मी नंतर फ्रीजशेजारी हलवला. लाल शाईचा डाग राहतो, काळीच वापरा. आणि घरच्यांनो, त्याच्यावर दुधाचा हिशोब लिहू नका, तेवढ्यानं माझी ओळ हरवते.