आरटीएक्स ३०८० काढून आरएक्स ६६०० : एक मे महिना आणि एक पावसाळा वापरल्यावर

वीजबिल वाचेल म्हणून मोठं ग्राफिक्स कार्ड काढून छोटं लावायचं असेल तर आधी हिशोब करा. एनव्हिडियाच्या ३०८० चं पूर्ण लोडचं रेटिंग ३२० वॅट, एएमडीच्या ६६०० चं १३२. फरक १८८ वॅटचा. रोज तीन तास गेमिंग धरलं तर महिन्याला जेमतेम १७ युनिट, म्हणजे युनिटला १० रुपये लावले तरी १७० रुपये. एवढ्यासाठी चालू कार्ड कोणी विकत नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर एप्रिल ते नोव्हेंबर वापरल्यावर खरा फरक दिसला तो दोन ठिकाणी: लाइट गेल्यावर आणि मे महिन्यातल्या दुपारी.

मशीन असं: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, १०८०पी ७५ हर्ट्झचा मॉनिटर आणि १००० व्हीएचा यूपीएस. या मॉनिटरवर ३०८० म्हणजे मच्छी आणायला ट्रक काढण्यातला प्रकार.

यूपीएसवरचा व्हीएचा आकडा म्हणजे वॅट नव्हेत. १००० व्हीएच्या घरगुती यूपीएसवर बारीक अक्षरात बहुधा ६०० वॅट लिहिलेलं असतं. ३०८० चे ३२०, प्रोसेसरचे ७६, बोर्ड-फॅन-एसएसडीचे ४०-५०, त्यावर एसएमपीएसमधली (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातली) गळती आणि मॉनिटर, अशी बेरीज पाचशेच्या वर जाते. कागदावर बसतं, पण ३०८० काही मिलिसेकंदांसाठी ३२० च्या बरीच वर उसळी मारतं. मेन लाइनवर ती पचते. बॅटरीवर असताना यूपीएस ओव्हरलोड म्हणून किंचाळतो आणि सगळंच बंद. ६६०० बरोबर तीच बेरीज सव्वातीनशेच्या आसपास थांबते. पावसाळ्यात दिवसातून चारदा लाइट गेली तरी गेम सेव्ह करून नीट शटडाउन करण्याइतका वेळ मिळतो.

जुनं कार्ड विकण्याआधी एक प्रयोग मात्र जरूर करा. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा (३०८० साठी २२४ वॅट) आणि एफपीएसला (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमना) ७२ ची कॅप लावा. यूपीएस तग धरत असेल आणि खोली तापत नसेल तर कार्ड बदलायची गरजच नाही.

बदलताना क्रम महत्त्वाचा. नवा ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून ठेवायचा, मग इंटरनेट तोडायचं, नाहीतर विंडोज अपडेट मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं. सेफ मोडमध्ये डीडीयू (जुना ड्रायव्हर पुसणारं सॉफ्टवेअर) चालवून एनव्हिडियाचं सगळं साफ करायचं, मशीन बंद करून प्लग काढायचा, मग कार्ड. स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबल्याशिवाय कार्ड ओढू नका. कार्ड मोठं असेल तर ती दिसतच नाही, लाकडी पट्टीने दाबावी लागते. ६६०० ला बहुतेक मॉडेलवर एकच ८ पिनची केबल लागते. ती ६+२ वाली. ४+४ वाली प्रोसेसरची, दिसायला सारखीच, आणि जोर लावून बसवली तर एसएमपीएस आणि कार्ड दोन्हींवर संकट. सुरू केल्यावर स्क्रीन काळीच राहिली तर आधी मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टला लागली नाही ना, ते पाहा. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, तिथून चित्र येणारच नाही.

पुढे बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ आणि ‘रिसाइझ बार’ चालू करा; त्याने प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरता येते, ६६०० ला त्याचा उपयोग होतो. इथेच बरेच जण अडकतात. त्यासाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद करावा लागतो आणि विंडोज जुन्या एमबीआर मांडणीच्या डिस्कवर असेल तर मशीन बूटच होत नाही. आधी बॅकअप, मग एमबीआर२जीपीटी (डिस्क नव्या मांडणीत बदलणारं विंडोजचं साधन), मग सीएसएम बंद.

खेळायचं म्हणाल तर व्हॅलोरंट, रॉकेट लीग, जीटीए ५ यांत ७५ हर्ट्झवर दोन्ही कार्डांतला फरक डोळ्याला कळत नाही. सायबरपंक २०७७ साठी सेटिंग खाली आणायची आणि रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्यांच्या जड हिशोबाचं) नाव काढायचं नाही. कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून वेग वाढवणारं एनव्हिडियाचं डीएलएसएस गेलं, एएमडीचं एफएसआर चालतं, पण १०८०पी वर झाडांची पानं आणि बारीक तारा त्यात गिजबिजतात, म्हणून शक्यतो बंदच बरं. स्ट्रीमिंग करणाऱ्याला मात्र हा सौदा महागात पडेल. एनव्हिडियाच्या एन्कोडरइतका (व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या भागाइतका) स्वच्छ एच.२६४ व्हिडिओ इथे मिळत नाही. फक्त एनव्हिडियाच्या कूडा तंत्रावर चालणारी सॉफ्टवेअरही गेली.

आणखी खाली उतरायचा मोह होतो, तिथे जपून. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी बोर्डाशी डेटाची ने-आण फक्त चार लेनवर करतात. बी४५० सारख्या जुन्या, पीसीआयई ३.० स्लॉटच्या बोर्डावर ते दुखतं, मेमरी भरली की जास्तच. शिवाय त्यांत व्हिडिओ एन्कोडरच नाही. ६६०० ला आठ लेन आणि आठ जीबी आहेत, ३.० वर थोडं घटतं, पण चालतं. अगदीच छोट्या इन्व्हर्टरवर भागवायचं असेल तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल पाहा. ७० वॅटचं आहे, वेगळी पॉवर केबलही लागत नाही.

आता हवा. कार्डाने खाल्लेली सगळी वीज शेवटी खोलीतच उष्णता होऊन पडते, आणि मे महिन्यात इथे घाम वाळत नाही. दार लावून बसल्यावर ३२० आणि १३२ मधलं अंतर अंगाला कळतं. पावसाळ्यात अडचण उलटी. डेस्कटॉपवर ६६०० चे फॅन थांबतात, कॅबिनेट उबदार आणि शांत होतं, आणि पालीला याहून चांगली जागा कुठली! मागच्या मोकळ्या स्लॉटच्या पट्ट्या काढून टाकलेल्या असतील तर तिथे बारीक जाळी लावाच. बोर्डावर अडकलेली पाल शॉर्टसर्किट करते. मशीन वापरात नसलं तरी जून ते सप्टेंबर रोज अर्धा तास चालवावं, आतली ओल उडते.

नोव्हेंबरमध्ये उघडल्यावर ब्रॅकेटच्या (कार्ड कॅबिनेटला अडकवणाऱ्या पट्टीच्या) दोन स्क्रूंवर खारा गंज होता, ब्रॅकेटची कडा खरखरीत झाली होती, सोनेरी काँटॅक्ट मात्र स्वच्छ. त्यांवर खोडरबर घासू नका, मुलामा झिजतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड पुरे. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती गरगरून बेअरिंग जातं.

जुनं कार्ड विकताना बिल आणि सीरियल नंबरचा स्टिकर शाबूत ठेवा, वॉरंटी बरेचदा त्यावरच चालते. घाट उतरून-चढून जायचं असेल तर ते कॅबिनेटमध्ये लावलेलं पाठवू नका; दीड-दोन किलोच्या लोंबत्या वजनाने हादऱ्यात स्लॉट उखडतो. अँटीस्टॅटिक पिशवी, मूळ खोका, आणि फॅनच्या बाजूला कागद कोंबायचा नाही.