डेव्हलपर, टेस्टर की सपोर्ट? नागपुरात आयटीची वाट निवडताना

मिहानमधल्या किंवा परसोडीच्या आयटी पार्कमधल्या एखाद्या कंपनीचं ऑफर लेटर आलं की घरात पहिला प्रश्न पॅकेजचा आणि दुसरा ‘पुण्याला तर जावं लागणार नाही ना?’ हा. रोज काम काय करायचं, हे विचारायचं राहूनच जातं. लेटरवर ‘ट्रेनी’ किंवा ‘असोसिएट’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यात कोड लिहिणं येतं, तपासणं येतं, रात्रपाळीत तिकिटं, म्हणजे ग्राहकांनी नोंदवलेल्या तक्रारी, हाताळणंही येतं. या कामांचा दिवस वेगळा, थकवा वेगळा आणि पाच वर्षांनी माणूस जिथे पोचतो ती जागाही वेगळी. त्यामुळे सही करण्याआधी कामाची नीट ओळख करून घ्या, असं मी फायनल इयरच्या प्रत्येक मुलाला-मुलीला कळकळीने सांगतो.

ही ओळख एकाच प्रसंगातून करून घेऊ. कॉलेजची फी ऑनलाईन भरताना नेट अडकलं, विद्यार्थ्याने ‘पे’ दुसऱ्यांदा दाबलं आणि खात्यातून पैसे दोनदा कापले गेले. आता ही भानगड कोणाच्या टेबलावर कशी येते ते बघा.

डेव्हलपर आणि टेस्टर

डेव्हलपरला सुचणारा पहिला उपाय म्हणजे एकदा दाबल्यावर बटण बंद करणं. फ्रंटएंडवाला, म्हणजे पडद्यावर दिसणारा भाग लिहिणारा, ते पाच मिनिटांत करतो. पण विद्यार्थ्याने पान रिफ्रेश केलं की बटण पुन्हा जिवंत होतं. खरा बंदोबस्त बॅकएंडला, म्हणजे मागे सर्व्हरवर चालणाऱ्या भागात, करावा लागतो. विद्यार्थ्याच्या त्या फीला एकच क्रमांक द्यायचा, बटण कितीदाही दाबलं तरी तोच, तो डेटाबेसमध्ये नोंदवायचा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर नवा व्यवहार न करता आधीचंच उत्तर परत पाठवायचं. लिहायला ओळी थोड्या लागतात. पण त्या कुठे घालायच्या हे कळण्यासाठी दुसऱ्या कोणीतरी चार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला कोड दिवसभर वाचावा लागतो. नोकरीतला मोठा वेळ या वाचण्यात, रिव्ह्यूमध्ये आणि मीटिंगमध्ये जातो. आता एआयची साधनं कोड झरझर लिहून देतात, त्यामुळे लिहिलेलं बरोबर आहे का हे ओळखणाऱ्याची किंमत वाढली आहे. एकाच एररपाशी तीन तास अडकूनही ज्याची चिकाटी सुटत नाही, त्याने बिनधास्त इकडे यावं. फक्त पॅकेज मोठं म्हणून येणाऱ्याला मात्र पहिलं वर्ष फार जड जातं.

टेस्टर हीच गोष्ट उलट बाजूने बघतो. तो मुद्दाम नेट स्लो करतो, बटण दोनदा दाबतो, बॅक जातो, दोन टॅब उघडतो, पैसे कापले जाताना मोबाईल फ्लाइट मोडवर टाकतो. मग जिरा या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बग, म्हणजे सापडलेली चूक, टाकतो. ‘पेमेंट नीट चालत नाही’ हा बग नव्हे, ती तक्रार झाली. ‘थ्री-जी वेगावर पे दाबलं, उत्तर येण्याआधी पान रिफ्रेश करून पुन्हा पे दाबलं, एकच व्यवहार अपेक्षित होता, दोन झाले, सोबत दोन्ही रिसीट नंबर आणि स्क्रीनशॉट’ असं लिहिलं की डेव्हलपरला वाद घालायला जागा उरत नाही. चांगला टेस्टर ओळखायची माझी खूण हीच.

टेस्टिंगबद्दल दोन गैरसमज घट्ट बसलेत. पहिला म्हणजे ज्याला कोडिंग जमत नाही त्याच्यासाठी टेस्टिंग. सुरुवात हाताने तपासण्यापासून होते हे खरं, पण पुढे सेलेनियम किंवा प्लेराइट या साधनांत ऑटोमेशन, म्हणजे आपोआप तपासणारा कोड, लिहावंच लागतं. न लिहिणाऱ्यांची वाढ दोन-तीन वर्षांत खुंटते. दुसरा गैरसमज सर्टिफिकेटचा. टेस्टिंगचं सर्टिफिकेट देणाऱ्या आयएसटीक्यूबी या संस्थेची फाउंडेशन परीक्षा चांगली आहे. ४० प्रश्न, ६० मिनिटं आणि पास व्हायला ६५ टक्के. तिने शब्द आणि पद्धत कळते, पण शंका घेण्याची सवय स्वतःलाच लावून घ्यावी लागते.

सपोर्ट: सगळ्यात जास्त विचारलं जाणारं, सगळ्यात कमी समजलेलं

‘सपोर्ट म्हणजे कॉल सेंटरच ना रे?’ असं काकांनी लग्नाच्या पंगतीत विचारलं की पोरगं खाली मान घालतं. त्याची काहीच गरज नाही. मात्र सपोर्टमध्ये कुठल्या पायरीवर घेतायत, हे माहीत हवं.

पहिली पायरी एल वन, म्हणजे लेव्हल वन. त्याच्याकडे तिकीट येतं, ‘पैसे दोनदा कटले’. तो ठरलेली माहिती भरून घेतो, लिहून दिलेल्या पायऱ्या करतो आणि नाही सुटलं तर पुढे ढकलतो. एल टू लॉग, म्हणजे सिस्टीमने आपोआप केलेल्या नोंदी, उघडतो, व्यवहाराचा क्रमांक शोधतो, पेमेंट गेटवेकडे, म्हणजे पैसे पोचवणाऱ्या मधल्या सेवेकडे, पहिला व्यवहार ‘पेंडिंग’ का राहिला ते तपासतो, डेटाबेसवर क्वेरी चालवून आणखी कोणाचं असं झालंय का ते बघतो आणि रिफंडचं काम मार्गी लावतो. एल थ्री म्हणजे बहुतेक वेळा थेट कोड दुरुस्त करणारी टीम. प्रत्येक तिकिटावर एसएलएचं घड्याळ चालू असतं, म्हणजे अमुक तासांत उत्तर आणि तमुक तासांत तोडगा.

माझं मत स्पष्ट आहे. लिनक्स (सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टीम), एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) आणि लॉग हाताळायला मिळत असतील तर एल टू सपोर्ट ही फ्रेशरसाठी उत्तम शाळा आहे. सिस्टीम कुठे आणि का पडते, हे तिथे बसणाऱ्याला नव्या डेव्हलपरपेक्षा लवकर कळतं. त्यातूनच पुढे डेव्हऑप्स (कोड सर्व्हरवर चढवून चालू ठेवण्याचं काम) आणि क्लाउड (इंटरनेटवरचे भाड्याचे सर्व्हर) यांच्याकडे रस्ता जातो. एल वनमध्ये मात्र वर्ष-दीड वर्षाच्या वर थांबू नका. तिथे हात बसतो, पण डोकं बसूनच राहतं.

शिफ्टचा हिशेबही करा. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. लंडनचे नऊ म्हणजे दुपारचे दीड किंवा अडीच. इंग्लंडचा क्लायंट असेल तर रात्री घरी जेवता येतं, अमेरिकेचा असेल तर झोपेचं गणित बदलतं. त्यात मे महिन्यात नागपुरात दिवसा झोपणं म्हणजे काय, ते सांगायला नको. खापरीपर्यंत मेट्रो आहे, पण मध्यरात्री ती मिळत नाही, त्यामुळे कॅब कोणाची हे आधीच विचारा. मुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीनेच काम देता येतं आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची असते.

बाकीच्या भूमिका

डेटा ॲनालिस्ट याच प्रसंगात विचारतो, ‘असं किती जणांचं झालं, कोणत्या तारखांना, कोणत्या बँकेच्या बाबतीत?’ एसक्यूएलमध्ये विद्यार्थ्याप्रमाणे गट पाडून एकापेक्षा जास्त व्यवहार असलेले वेगळे काढायचे आणि पॉवर बीआय या तक्ते-आलेखांच्या सॉफ्टवेअरवर दाखवायचे. कामाचा निम्म्याहून जास्त वेळ घाण डेटा साफ करण्यात जातो. एकच नाव तीन स्पेलिंगने आलेलं असतं, तारीख कुठे दिवस आधी तर कुठे महिना आधी. बीकॉम किंवा बीएस्सीवाल्यांना या वाटेने येणं खरोखर शक्य आहे. पण तीन महिन्यांत ‘डेटा सायंटिस्ट’ बनवून देणाऱ्या महागड्या क्लासला पैसे मोजण्याआधी एक्सेल आणि एसक्यूएल पक्कं करा. संख्याशास्त्राची गोडी लागली तर पुढचं पुढे.

बिझनेस ॲनालिस्टला कोडपेक्षा माणसं जास्त वाचावी लागतात. दोनदा कापलेले पैसे परत करायचे की पुढच्या सत्रात वळते करायचे, हे कॉलेजच्या अकाउंट विभागाशी बोलून ठरवायचं आणि टीमला संदिग्धता न राहील असं लिहून द्यायचं. फ्रेशरला ही जागा क्वचितच मिळते. बँकिंग, विमा, अकाउंट यांचा अनुभव घेऊन येणाऱ्याला ती शोभते.

डेव्हऑप्समध्ये डेव्हलपरने केलेली दुरुस्ती चालू पोर्टल न थांबवता सर्व्हरवर चढवायची असते. ९९.९ टक्के चालू राहण्याची हमी दिली की महिन्याला साधारण ४३ मिनिटंच बंद राहायची मुभा उरते. पगार चांगला, पण ऑन-कॉलचा, म्हणजे अडचण आली की केव्हाही हजर व्हायच्या पाळीचा, फोन रात्री तीनला वाजू शकतो. नेटवर्क आणि सिस्टीम ॲडमिनचं काम हॉस्पिटल, बँक, कारखाना सगळीकडे लागतं, अगदी बुटीबोरीच्या एमआयडीसीतही. ज्याला नागपूर सोडायचंच नाही त्याच्यासाठी सीसीएनए हे सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट करून इकडे वळणं शहाणपणाचं आहे.

इंटरव्ह्यूच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ म्हणतात, तेव्हा गप्प बसू नका. प्रोजेक्ट डेव्हलपमेंटचा की सपोर्टचा, सपोर्टचा असेल तर एल वन की एल टू, शिफ्ट कोणत्या देशाची, ऑन-कॉल महिन्यातून किती वेळा, आणि ट्रेनिंगनंतर पोस्टिंग नागपुरातच की कुठेही, हे सरळ विचारा. बाँड असेल तर त्याची मुदत, रक्कम आणि मूळ मार्कशीट ठेवून घेणार का, हे लेखी घ्या. मूळ कागदपत्रं मागणाऱ्या कंपनीला मी तरी नकार द्यायला सांगेन, पॅकेज कितीही असो.