एडिसनचं सरकारी हायस्कूल: वर्षभराच्या अनुभवानंतर

मुलगी ठाण्यात नववी संपवून गेल्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीत आली आणि एडिसनमधल्या सरकारी हायस्कूलात दहावीत दाखल झाली. शाळेचं वर्ष आता संपत आलंय. एडिसनमध्ये अशी हायस्कूलं दोन आहेत. ती त्यातल्या कुठल्या शाळेत जाते ते लिहीत नाही, कारण अजून दोन वर्षं तिला तिथेच काढायची आहेत. निकाल आधीच सांगून टाकतो: पाचपैकी चार तारे. शिकवण्याबद्दल पूर्ण मार्क. एक तारा कापलाय तो शाळेभोवती आपणच उभ्या केलेल्या शर्यतीबद्दल. त्याबद्दल पुढे.

आपल्या लोकांना एडिसन म्हणजे ओक ट्री रोड, तिथली वाणसामानाची दुकानं आणि पाणीपुरी. गावाचं हे नाव मात्र १९५४चं. त्याआधी ते रॅरिटन टाउनशिप होतं. थॉमस एडिसनने १८७६ मध्ये इथल्या मेन्लो पार्कात प्रयोगशाळा थाटली, पुढच्या वर्षी फोनोग्राफ बनवला, १८७९ मध्ये विजेचा दिवा, म्हणून गावाने त्याचं नाव घेतलं. तोवर महायुद्ध संपून शहरातली कुटुंबं बाहेर सरकायला लागली होती. १९४८ मध्ये रूट वनवर फोर्डचा मोटार कारखाना आला. १९५० साली सोळा हजारांच्या घरात असलेली वस्ती १९६० मध्ये जवळपास ४५ हजार आणि १९७० मध्ये ६७ हजार झाली. एवढी पोरं कुठे बसवायची? १९५६ मध्ये एडिसन हायस्कूल सुरू झालं, तेही पुरेना, म्हणून १९६४ मध्ये उत्तरेकडे ग्रोव्ह अव्हेन्यूवर जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूल उघडलं.

या दुसऱ्या शाळेच्या नावावर मी अडकलो, कारण माझे आजोबा परळच्या गिरणीत साचेवाले होते. जे. पी. स्टीव्हन्स हे कापडगिरणीवाल्यांचं नाव. अमेरिकेतल्या मोठ्या कापड कंपन्यांत त्यांची गणना व्हायची. त्यांच्याच नॉर्थ कॅरोलायनातल्या रोअनोक रॅपिड्सच्या गिरण्यांत कामगारांनी १९७४ मध्ये युनियनच्या बाजूने कौल दिला, पण प्रत्यक्ष करार व्हायला १९८० उजाडलं. तोवर कंपनीच्या मालावर देशभर बहिष्काराची मोहीम चालली. मुंबईचा गिरणी संप त्यानंतर दोनच वर्षांनी. शाळेच्या टी-शर्टवर हे नाव दिसलं की मला ते सगळं आठवतं. पोरांना अर्थातच फक्त ससाणा दिसतो, तो त्यांच्या संघाचं चिन्ह आहे.

स्टीव्हन्स उघडली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला आणि आशियातून येणाऱ्यांची वाट मोकळी झाली. ज्या घरांच्या रांगा फोर्डच्या कामगारांसाठी आणि न्यूयॉर्कला जाणाऱ्या बाबूंसाठी उभ्या राहिल्या, तिथे ऐंशी-नव्वदच्या दशकांपासून गुजराती, तेलुगू, पंजाबी, तमिळ आणि आपले लोक येत गेले. फोर्डचा कारखाना २००४ मध्ये बंद पडला. २०२०च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या १ लाख ७ हजारांवर होती आणि निम्म्याहून जास्त लोक आशियाई वंशाचे. त्यामुळे इथे नव्याने आलेल्या मराठी मुलीला डब्यातला थेपला लपवून खावा लागत नाही. तिच्या टेबलावर उलट इडली आणि राजमा यांची देवाणघेवाण चालते. अमेरिकेतल्या दुसऱ्या एखाद्या गावात गेलो असतो तर हा अनुभव असाच आला असता, असं समजू नका.

आता पैशाचं बोलू, कारण भारतातून विचारणारा प्रत्येक जण “फुकट ना रे?” इथून सुरुवात करतो. फी नाही, पुस्तकं शाळा देते, घर अडीच मैलांपेक्षा लांब असेल तर बसही द्यावीच लागते, तसा राज्याचा नियम आहे. न्यू जर्सीच्या घटनेत तर १८७५ पासून लिहून ठेवलंय की पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी परिपूर्ण आणि कार्यक्षम अशी मोफत शाळाव्यवस्था राज्याने चालवायची. पण तिचा मोठा भार घरपट्टीवर. २०२४ मध्ये राज्यातली सरासरी घरपट्टी वर्षाला १० हजार डॉलरच्या पुढे गेली आणि तिचा निम्म्याहून अधिक वाटा शाळांना जातो. आम्ही भाड्याने राहतो, म्हणजे आमच्या वाट्याची घरपट्टी घरमालक भाड्यातून वसूल करतोच. शिवाय घर कुठल्या भागात, त्यावर शाळा ठरते: उत्तरेकडचे स्टीव्हन्सला, दक्षिणेकडचे एडिसन हायला. उत्तरेकडच्या घरांचे भाव बघितले की फी कुठे भरायची ते कळतं.

याची दुसरी बाजू शेजारीच दिसते. न्यू ब्रन्सविक आणि पर्थ अँबॉय ही गावं गाडीने पाव-अर्ध्या तासावर. तिथे घरपट्टी कमी जमते, म्हणून शाळा मागे पडल्या. त्यावर ‘ॲबट विरुद्ध बर्क’ हा खटला वर्षानुवर्षं चालला आणि १९९०च्या निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गरीब शहरी शाळांनाही श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीने पैसा मिळायला हवा. आपल्याकडे महापालिकेच्या शाळेबद्दल असा निकाल लागला असता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

असो. आता शिकवण्याकडे येतो, खरी मजा तिथे आहे.

इथे सायन्स, कॉमर्स, आर्ट्स ही फाळणीच नाही. चार वर्षांत १२० क्रेडिट्स जमवायचे, वर्षभराच्या विषयाला साधारण पाच. इंग्रजीचे २०, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र यांचे प्रत्येकी १५, कला, परकीय भाषा आणि व्यवसायशिक्षण यांचे पाच-पाच, पैशाच्या व्यवहारांचे अडीच, आणि व्यायाम-आरोग्य दरवर्षी. उरलेली जागा मुलाची. माझी मुलगी एकाच दिवसात केमिस्ट्री करून मातीची भांडी घडवायला जाते आणि तिथून इतिहासाच्या तासाला. वर्ग एका जागी नाही, मुलंच पळतात. तिच्या मैत्रिणी दर तासाला बदलतात, हे तिला पहिले काही आठवडे फार जड गेलं. ‘माझा वर्ग’ म्हणायला काही नाही, बाबा, असं ती म्हणायची. अजूनही अधूनमधून म्हणते.

एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय, हा इथला सगळ्यात चर्चेचा कार्यक्रम. मे महिन्यात देशभर एकच परीक्षा, गुण १ ते ५, आणि वरचे गुण मिळाले तर बरीच कॉलेजं त्याचे क्रेडिट देतात. तिने एपी वर्ल्ड हिस्ट्री घेतलं. यातला एक प्रश्न कागदपत्रांवरचा असतो: सात कागद समोर ठेवतात, त्यांच्या आधारे तासाभरात निबंध लिहायचा. सरावासाठी एकदा वसाहतींमधल्या रेल्वेवर प्रश्न आला. एक इंग्रज अधिकाऱ्याचं टिपण, एक मालवाहतुकीचा तक्ता, एक स्टेशनचा फोटो, एका भारतीय पुढाऱ्याच्या भाषणाचा तुकडा, असं काही काही. आमच्या कन्येने आपल्या सवयीने बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३, रेल्वेचे फायदे, तोटे, सगळं क्रमाने मुद्देसूद लिहून काढलं. आपल्याकडे दहापैकी नऊ पडले असते. इथे शिक्षिकेने कडेला लिहिलं होतं: हे कोण म्हणतंय? कुणाला उद्देशून? त्याने असं म्हणण्यात त्याचा काय फायदा? सातही कागदांच्या कडेला तेच तीन प्रश्न.

त्या दिवशी घरी जरा रडारड झाली. पण मार्चपर्यंत ती बातम्या वाचतानाही तेच विचारायला लागली. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी टाकलेल्या आरोग्यसल्ल्यावर तिने “काका, हे कोण म्हणतंय?” असं विचारलं तेव्हा ग्रुप दोन दिवस शांत होता. माझ्या लेखी वर्षाचे पैसे, म्हणजे घरपट्टी, तिथेच वसूल झाली.

व्यायाम आणि आरोग्य हा तास आपण हसण्यावारी नेतो, पण तो चुकवता येत नाही आणि त्याचा दर्जा मला बरा वाटला. छाती दाबून श्वास परत आणण्याचं सीपीआर शिकणं राज्याने हायस्कूलसाठी सक्तीचं केलंय. मुलगी पुतळ्यावर सराव करून आली आणि आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. दहावीत याच तासात गाडी चालवण्याचे नियमही शिकवले, कारण सोळा पूर्ण झाले की शिकाऊ परवाना काढता येतो. आमच्या घरात यावरून जो वाद चाललाय तो इथे नको.

दर महिन्याला एक आगीचा सराव आणि एक सुरक्षेचा सराव, हाही कायदाच. सुरक्षेचा सराव म्हणजे शाळेत कुणी बंदूकधारी शिरला तर काय करायचं त्याचा: दार बंद, दिवे बंद, मुलं भिंतीला टेकून गप्प बसतात. तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला जेवण गेलं नाही. तिला त्याचं आता काही वाटत नाही, आणि तेच मला जास्त खुपतं.

मराठीबद्दल एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. न्यू जर्सीत २०१६ पासून द्विभाषा-प्राविण्याची मोहोर, म्हणजे इंग्रजीसोबत आणखी एक भाषा नीट येते याचा शिक्का, बारावीच्या प्रमाणपत्रावर मिळते. शाळेत शिकवली जात नसलेली भाषाही चालते, मान्यताप्राप्त चाचणीत पातळी सिद्ध केली की झालं, आणि अशा चाचण्यांमध्ये मराठी आहे. लिहायचं आणि बोलायचं असतं. ज्यांची मुलं इथे जन्मली त्यांच्यासाठी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत, रविवारची सकाळ त्यासाठी मोडायची तयारी ठेवा. परकीय भाषेचे पाच क्रेडिटही प्राविण्य दाखवून भागवता येतात, पण त्यासाठी नियोजन आधीच काउन्सिलरशी, म्हणजे विषय निवडायला मदत करणाऱ्या शाळेतल्या मार्गदर्शकाशी, बोलून करा. एका काउन्सिलरमागे अडीचशे मुलं असावीत अशी त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे. देशात बहुतेक ठिकाणी ती पाळली जात नाही, तेव्हा वेळ लवकर मागा.

आता तो कापलेला तारा. शाळा दुपारी सुटते आणि तिथून पुढे दुसरी शाळा सुरू होते: गणिताचे क्लास, एसएटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचे क्लास, रोबोटिक्स, निबंधाचा कोच. हे शाळा सांगत नाही, आपण करतो. दिवाळीच्या फराळाला जमलेल्या पालकांत मला पहिला प्रश्न “एपी किती?” हा आला, मुलीचं नाव नंतर विचारलं. जास्त कठीण विषयांना जास्त वजन असल्यामुळे पोरं कला किंवा वाद्यवृंद सोडून आणखी एक एपी घेतात, म्हणजे गुणांची सरासरी वर सरकते. थोडं दक्षिणेला वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोमध्ये २०१५ साली तिथल्या सुपरिंटेंडेंटने, म्हणजे तिथल्या सगळ्या सरकारी शाळांच्या प्रमुखाने, मुलांवरच्या ताणाबद्दल पालकांना लांबलचक पत्र लिहिलं, हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या, काही रात्री गृहपाठमुक्त ठेवल्या. त्यावर पालकांत उभी फूट पडली आणि विरोध करणाऱ्यांत आपले भारतीय आणि चिनी पालक पुढे होते. “आम्ही इथवर कशासाठी आलो?” हा त्यांचा युक्तिवाद मला कळतो. राजस्थानातल्या कोटा शहरासारख्या क्लासमधून बाहेर पडून तेच इथे उभं करायचं, हे मात्र कळत नाही.

गर्दीचंही सांगायला हवं. दोन्ही हायस्कूलांत दोन हजारांच्या आसपास किंवा वर मुलं आहेत. २०१९ मध्ये गावातल्या शाळा वाढवण्यासाठी सुमारे १९ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांवर मतदान झालं आणि लोकांनी ते फेटाळलं. घरपट्टी वाढणार म्हणून. शाळेसाठी या गावात घर घ्यायचं आणि शाळेच्या इमारतीला नाही म्हणायचं, यातला विरोधाभास मी शेजाऱ्यांना विचारला. शेजारी म्हणाले, “आमची मुलं पास होऊन गेली.”

पुढच्या वर्षीचे विषय निवडायचे असतात ते हिवाळ्यातच. मी एपी केमिस्ट्रीच्या बाजूने होतो, तिने मातीकामाचा दुसरा भाग आणि साधी फिजिक्स घेतली. सही मी केली, पण अजून पटलेलं नाही.

नव्याने येणाऱ्यांसाठी: आठवी-नववीच्या इंग्रजीतल्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रतीत आणा. भाडेकरार आणि विजेचं बिल पालकांच्या नावावर हवं, कारण पत्त्याची तपासणी कसून होते. लसींची नोंद इंग्रजीत, डॉक्टरच्या सहीशिक्क्यानिशी. मेनिंगोकॉकलची लस आपल्याकडे सहसा दिलेली नसते, ती निघण्याआधीच घेतलीत तर इथला खर्च वाचेल. भारतातून येणाऱ्यांना क्षयरोगाची चाचणी सांगू शकतात. बीसीजीमुळे त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा रक्ताच्या चाचणीबद्दल विचारा. मूल आठवीपर्यंतचं असेल तर काउंटीच्या (जिल्ह्याच्या) मॅग्नेट शाळांची, म्हणजे निवडक मुलं घेणाऱ्या सरकारी शाळांची, प्रवेशपरीक्षा देता येते, एडिसन अकॅडमी त्यातलीच. नववीनंतर आलात तर तो रस्ता जवळजवळ बंद. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पोचा, शेवटच्या आठवड्यात नोंदणीच्या खिडकीवर सगळं हैदराबाद, पुणे आणि अहमदाबाद एकदमच उभं असतं.