स्क्रीनकास्टसाठी ओबीएस घ्यावे की कॅमटेशिया?

स्क्रीनकास्ट, म्हणजे संगणकाचा पडदा दाखवून सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ, करू पाहणाऱ्यापुढे बहुधा दोन मार्ग असतात. ओबीएस स्टुडिओने पडद्यावरील हालचाल रेकॉर्ड करून ती केडेनलाइव्ह या संपादन सॉफ्टवेअरमध्ये संपादित करावी, किंवा टेकस्मिथ कंपनीचे कॅमटेशिया घेऊन दोन्ही कामे एकाच ठिकाणी करावीत. पहिला मार्ग मोफत व मुक्तस्रोत असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो. कॅमटेशियासाठी पैसे मोजावे लागतात आणि ते लिनक्सवर चालत नाही. मात्र केवळ किमतीवरून निर्णय घेऊ नये, कारण रोजच्या कामात अधिक जाणवणारा फरक माउसच्या कर्सरचा आहे.

कॅमटेशिया कर्सरची नोंद चित्रापासून वेगळी ठेवते, त्यामुळे रेकॉर्डिंग संपल्यानंतरही तो मोठा करता येतो, त्याभोवती ठळक वर्तुळ देता येते किंवा तो पूर्णपणे लपवता येतो. ओबीएसमध्ये मात्र कर्सर चित्राचाच भाग होऊन जातो आणि बोलता बोलता तो पडद्यावर भरकटला, तर तेवढा भाग पुन्हा रेकॉर्ड करण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून ओबीएस वापरणाऱ्याने आधीच संगणकाच्या सेटिंगमध्ये कर्सर मोठा करून घ्यावा आणि स्पष्टीकरण देताना माउसवरून हात काढण्याची सवय लावून घ्यावी.

झूमच्या, म्हणजे पडद्याचा एखादा भाग मोठा करून दाखवण्याच्या, बाबतीतही कॅमटेशियात कमी श्रम लागतात. केडेनलाइव्हमध्ये ‘ट्रान्सफॉर्म’ इफेक्ट लावून प्रत्येक झूमसाठी साधारण चार कीफ्रेम (बदल कोठे सुरू व कोठे पूर्ण होतो हे सांगणाऱ्या खुणा) हाताने ठेवाव्या लागतात: दोन आत जाताना आणि दोन बाहेर येताना. तथापि झूमची गरजच कमी करणे हा माझ्या मते अधिक चांगला उपाय आहे. पडद्याचे स्केलिंग (अक्षरे व मेनू यांचा आकार) १२५ किंवा १५० टक्के ठेवून रेकॉर्डिंग केल्यास मोबाइलवर पाहणाऱ्यालाही मेनू वाचता येतात. ओबीएसमध्ये कॅनव्हास (चित्र जुळवण्याची जागा) आणि आउटपुट (तयार होणारा व्हिडिओ) यांचे रेझोल्यूशन, म्हणजे पिक्सेलमधील आकार, एकच असावे. ते वेगवेगळे ठेवल्यास चित्राचा आकार बदलताना अक्षरे धूसर होतात, आणि देवनागरीत तर रफार व अनुस्वार सर्वांत आधी पुसट होतात.

वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या गावी ओबीएसची एक सोय मोलाची ठरते. रेकॉर्डिंग एमकेव्ही स्वरूपात ठेवले, तर संगणक अचानक बंद पडला तरी तोपर्यंतचा भाग वाचतो; साध्या एमपी४ फाइलची आवश्यक सूची शेवटी लिहिली जात असल्याने तीच फाइल अर्धवट राहिल्यास उघडतही नाही. एमकेव्हीचे एमपी४ करण्याची सोय ओबीएसच्या फाइल मेनूतच आहे आणि त्यात चित्राचा दर्जा घटत नाही.

आवाजाविषयी मात्र साधनापेक्षा पद्धत महत्त्वाची आहे. ओबीएसचा गोंगाट कमी करणारा फिल्टर रेकॉर्डिंगमध्येच कायमचा मिसळतो, म्हणून तो बंद ठेवावा, सुरुवातीला पाच सेकंद शांत राहावे आणि त्या शांततेचा नमुना घेऊन ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये पंख्याचा आवाज काढावा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात एका रकान्यात पडद्यावरील कृती आणि दुसऱ्यात निवेदन अशी संहिता आधी लिहिली जाते आणि त्याच चित्रफितींवर मराठीसह अनेक भारतीय भाषांतील निवेदन चढवले जाते. एकच धडा दोन भाषांत हवा असेल, तर हीच रीत स्वीकारावी. निवेदन चित्रापेक्षा लांबले, तर कॅमटेशियात त्या क्षणाची फ्रेम (एक स्थिर चित्र) थेट ताणता येते. केडेनलाइव्हमध्ये फ्रेम स्थिरचित्र म्हणून काढून मध्ये जोडावी लागते. एका धड्यात हे सहज जमते, पण तीस धडे असले की हा वेळ फार जातो.

त्यामुळे अधूनमधून व्हिडिओ करणाऱ्या शिक्षकाला किंवा लिनक्स वापरणाऱ्याला मी निःसंकोचपणे ओबीएस व केडेनलाइव्ह सुचवीन. ज्या कार्यालयाला दर आठवड्याला धडे काढावे लागतात, किंवा सॉफ्टवेअरचे बटण बदलले की जुना धडा दुरुस्त करावा लागतो, त्याने कॅमटेशियाचा खर्च करावा. मात्र पैसे भरण्यापूर्वी चाचणी आवृत्तीत दोन मिनिटांचा खरा धडा संपादित करून पाहावा. तयार व्हिडिओवर वॉटरमार्क (कंपनीची खूण) उमटतो, पण किती वेळ वाचतो हे समजण्यास तो आड येत नाही.