जवस, राळ आणि ताग : मार्मोलियमच्या जमिनीचे परीक्षण

नेदरलँड्समध्ये भाड्याची अनेक घरे, विशेषतः गृहनिर्माण संस्थांची, नव्या भाडेकरूच्या हाती येतात तेव्हा त्यांत पायाखाली उघडे काँक्रीट असते आणि त्यावर काय अंथरायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे असते. त्यामुळे लाकूड, लॅमिनेट, विनाइल आणि लिनोलियम यांची तुलना येथे नव्याने राहायला आलेल्या प्रत्येक कुटुंबाला करावी लागते. आम्स्टेलफेनमधील आमच्या घरात बैठकीच्या खोलीत फोर्बो या कंपनीचे मार्मोलियम रोलच्या स्वरूपात चिकटवून घेतले आहे आणि मुलांच्या खोलीत त्याच मालाच्या एकमेकांत अडकणाऱ्या फळ्या बसवल्या आहेत. दोन्ही प्रकार वापरात चांगले मुरल्यानंतर हे लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. वनस्पतिजन्य कच्च्या मालापासून कारखान्यात, मोठ्या प्रमाणावर आणि टिकाऊ वस्तू तयार करता येते, हे या जमिनीने युरोपात अनेक पिढ्या सिद्ध केले आहे. मात्र वापरून झालेली तीच वस्तू पुन्हा कारखान्यात परत आणण्याचे काम तिला अजून अर्धेच साधले आहे.

मार्मोलियम हे मुळात लिनोलियमच आहे. जवसाचे तेल, पाइन वृक्षाची राळ, कागदासाठी पाइनच्या लाकडाचा लगदा करताना बाजूला निघणारे टॉल तेल, लाकडाचे बारीक पीठ, चुनखडीची भुकटी, रंगद्रव्ये आणि पाठीला तागाचे कापड एवढीच त्याची सामग्री. तापवलेल्या तेलाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग घडवून आणला की ते हळूहळू घट्ट आणि चिवट होत जाते. त्यात राळ मिसळून जो लगदा तयार होतो त्यात लाकडाचे पीठ, चुनखडी आणि रंग मळले जातात, आणि तो मोठ्या रुळांमधून दाबत तागाच्या कापडावर बसवला जातो. त्यानंतरचा टप्पा सर्वांत संथ असतो. तयार पट्टा उंच, उबदार वाळवणीच्या दालनांत लांबलचक झोल देऊन टांगला जातो आणि अपेक्षित कठीणपणा येईपर्यंत काही आठवडे तेथेच राहतो. विनाइलचा कारखाना ज्या वेगाने माल बाहेर काढतो तो वेग येथे शक्य नाही, आणि किमतीतील फरकाचे एक मोठे कारण या दालनांमध्ये आहे.

ही कृती इंग्लंडमधील फ्रेडरिक वॉल्टन यांची. उघड्या राहिलेल्या रंगाच्या डब्यात जवसाच्या तेलावर दुधावर साय धरावी तसा लवचिक पापुद्रा धरलेला त्यांना दिसला, तेथून त्यांचे प्रयोग सुरू झाले आणि १८६० च्या दशकात त्यांनी पेटंट घेऊन लंडनजवळच्या स्टेन्स येथे कारखाना काढला. पुढे स्कॉटलंडमधील कर्कॉडी, जर्मनीतील डेलमेनहॉर्स्ट आणि नेदरलँड्समधील क्रोमेनी ही गावे या धंद्यासाठी ओळखली जाऊ लागली. क्रोमेनीचा प्रवास मला विशेष महत्त्वाचा वाटतो. हे गाव शिडाच्या जहाजांसाठी जाड कापड विणत असे, आणि त्याच झान परगण्यातील पवनचक्क्या जवसासारख्या तेलबियांचे तेल गाळत असत. वाफेच्या जहाजांनी शिडाचा धंदा संपवत आणला तेव्हा, १८९९ मध्ये, तेथे लिनोलियमचे उत्पादन सुरू झाले. कापड आणि तेल या दोन्ही गोष्टींचे ज्ञान त्या परिसरात आधीपासून होते, म्हणून तेथे हा नवा उद्योग रुजला. फोर्बोचा मोठा कारखाना आजही लगतच्या आसेंडेल्फ्टमध्ये चालतो, आणि कर्कॉडीतही उत्पादन सुरू आहे.

कंपनीच्या माहितीपत्रकात हा माल जवळजवळ संपूर्णपणे नैसर्गिक कच्च्या मालाचा असल्याचे ठळकपणे सांगितलेले असते. हे विधान खरे आहे, पण ग्राहकाने ते नीट वाचले पाहिजे. चुनखडी नैसर्गिक असली तरी ती खाणीतून येते, शेतातून येत नाही; म्हणजे नैसर्गिक मालाचा वाटा आणि पुन्हा उगवणाऱ्या मालाचा वाटा हे दोन वेगळे आकडे आहेत आणि विक्रेत्याकडे दुसरा आकडा मागावा. वरच्या बाजूला जो अतिशय पातळ संरक्षक थर असतो तो कृत्रिम पॉलिमरचा असतो. चिकटवण्याचा गोंद आणि सांधे जोडण्यासाठी वितळवून भरली जाणारी दोरी यांचा हिशेब तर माहितीपत्रकातील टक्केवारीच्या बाहेरच राहतो. एवढे वजा करूनही उरते ते मोठे आहे, कारण त्याच्याशी स्पर्धा करणारे विनाइल हे पीव्हीसी हे प्लास्टिक आणि त्याला मऊ करणारी रसायने (प्लास्टिसायझर) यांचे बनलेले असते.

आता प्रत्यक्ष अनुभव. अनवाणी चालताना ही जमीन सिरॅमिक फरशीपेक्षा उबदार आणि लॅमिनेटपेक्षा मऊ वाटते, आणि पावलांचा आवाजही कमी होतो. खाली दुसरे कुटुंब राहत असेल तर ही गोष्ट लहान नाही. रंग वरवर छापलेला नसून मालाच्या जाडीत उतरलेला असल्यामुळे बारीक ओरखडे सहज नजरेत येत नाहीत. रोलची रुंदी २ मीटर असते आणि घरगुती वापरासाठी २ किंवा २.५ मिलिमीटर जाडी सर्रास घेतली जाते. पहिले काही आठवडे खोलीत तेलाचा वास येतो. विदर्भात जवसाची चटणी खाऊन वाढलेल्या माणसाला तो परका वाटणार नाही, पण ज्यांना वासाचा त्रास होतो त्यांनी बसवण्याचे काम खिडक्या उघड्या ठेवता येतील अशा ऋतूत करावे.

नव्या ग्राहकाला सर्वाधिक गोंधळात टाकणारी बाब म्हणजे पिवळसर झाक. वाळवणीच्या अंधाऱ्या दालनात तेल मुरताना पृष्ठभागावर एक पिवळी छटा येते आणि उजेड मिळाला की ती निघून जाते. राखाडी किंवा निळसर रंग निवडला असेल तर पहिल्या दिवशी आपण भलताच रंग घेऊन आलो असे वाटते. सतरंजी किंवा सोफा लगेच मांडला तर त्याखालचा भाग पिवळसरच राहतो, आणि सामान हलवल्यावर तो डाग वाटतो. त्यालाही उजेड मिळाला की तो इतर जमिनीशी एकरूप होतो. ही माहिती विक्रेत्याने आपणहून द्यायला हवी, आणि आम्हाला ती ज्या दुकानातून माल घेतला तेथे मिळाली नव्हती.

सफाईबाबत नियम एकच आहे आणि तो कडक आहे: तीव्र अल्कली वापरू नये. सोडा, अमोनिया किंवा स्वयंपाकघरातील चिकटा काढणारी जहाल द्रावणे मुरलेल्या तेलावरच हल्ला करतात आणि जमीन निस्तेज, चिवटपणा हरवलेली होते. सौम्य, उदासीन साबण आणि पिळून घेतलेला पोछा एवढे पुरते. पाणी ओतून जमीन धुण्याची आपल्याकडची सवय येथे सोडावीच लागते, कारण सांध्यांतून पाणी तागापर्यंत पोहोचले की पट्टा फुगतो. न्हाणीघरासाठी मी हा माल सुचवणार नाही. हळदीचा डाग मात्र लगेच पुसला तर निघतो, आणि राहिलेली फिकट खूणही उजेडाने कमी होत गेली.

बसवण्याचे काम स्वतः करण्याचा मोह रोलच्या बाबतीत टाळावा. पट्टा जड आणि थंडीत ठिसूळ असतो. तो किमान एक दिवस खोलीच्या तापमानाला मुरू द्यावा लागतो, काँक्रीट पुरेसे कोरडे आणि सपाट असावे लागते, आणि तागाची पाठ असलेला पट्टा लांबीत आकसतो व रुंदीत पसरतो हे ज्याला ठाऊक आहे अशाच कारागिराने कापणी करावी. अशा अनुभवी हातांची मजुरी जोडली की एकूण खर्च स्वस्त विनाइलच्या बराच वर जातो. मुलांच्या खोलीतील फळ्यांचे तसे नाही. लाकडाचे तंतू दाबून केलेल्या घनदाट तंतुफलकावर लिनोलियमचा थर आणि खाली बुचाचा (कॉर्कचा) थर अशी त्यांची रचना आहे, त्या गोंदाशिवाय एकमेकांत अडकतात आणि थोडी हातोटी असलेल्या माणसाला त्या सहज बसवता येतात. तंतुफलक बांधण्यासाठी कृत्रिम राळ लागते, म्हणून कच्च्या मालाच्या शुद्धतेत त्या रोलपेक्षा उण्या आहेत. तरीही त्यांनाच मी जास्त गुण देतो, आणि त्याचे कारण पुढे येते.

भाड्याच्या घरांचा जो उल्लेख सुरुवातीला केला त्याची दुसरी बाजू अशी की, घर सोडताना भाडेकरूला आपली जमीन बऱ्याचदा उखडून न्यावी लागते, आणि पुढचा भाडेकरू पुन्हा नवी घालतो. चांगल्या अवस्थेतील माल या चक्रात कचऱ्यात जातो. चिकटवलेले लिनोलियम काढताना फाटते, पाठीला गोंद आणि काँक्रीटचे कण लागलेले असतात, आणि अशा मालाची अखेर बहुधा भट्टीत होते. कारखान्यातील कात्रण पुन्हा मिश्रणात जाते. बसवताना उरलेले स्वच्छ तुकडे परत घेण्याची योजनाही फोर्बोने काही देशांत चालवली आहे. वापरलेल्या जमिनीसाठी एवढी सोपी वाट नाही. तेल एकदा ऑक्सिजनशी बांधले गेले की ते प्लास्टिकसारखे वितळवून नव्याने ओतता येत नाही. त्याची भुकटी करून भर म्हणूनच वापरावी लागते. म्हणून या वस्तूचे चक्र पूर्ण करण्याचा आज सर्वांत व्यवहार्य मार्ग म्हणजे ती अखंड काढून दुसऱ्या घरात पुन्हा बसवणे, आणि ते फक्त गोंदाशिवायच्या फळ्यांनाच जमते. युरोपीय संघात वापरल्या जाणाऱ्या एकूण सामग्रीपैकी सुमारे १२ टक्केच पुनर्वापरातून येते, हा आकडा वर्षानुवर्षे फारसा का हलत नाही, हे एक जमीन उखडताना पाहिले तरी समजते.

जैविक सामग्रीच्या उत्पादनाचा आवाका वाढवण्याच्या चर्चेत लिनोलियमची आठवण फारशी काढली जात नाही याची मला मनापासून खंत वाटते. स्वीडनमध्ये सुंड्सवाल येथे जुन्या सुती कपड्यांपासून लगदा करणारा रिन्यूसेलचा कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. तंत्र चालत होते, पण पुरेशा मागण्या वेळेत आल्या नाहीत. पुढे नव्या मालकाने तो उद्योग सर्क्युलोज या नावाने हाती घेतला. लिनोलियमलाही असा काळ पाहावा लागला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त विनाइल आले, १९७० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतील आर्मस्ट्राँग कंपनीने लिनोलियमचे उत्पादनच थांबवले, आणि युरोपात मोजकेच कारखाने उरले: फोर्बो, इटलीत नार्नी येथे टार्केट, आणि डेलमेनहॉर्स्टचा कारखाना, जो आज फ्रान्सच्या गेरफ्लोरकडे आहे. ते तगले याचे एक मोठे कारण म्हणजे शाळा आणि रुग्णालये. इमारतीच्या संपूर्ण आयुष्याचा खर्च मोजणारा सार्वजनिक खरेदीदार त्यांना मिळाला. नव्या जैविक सामग्रीला अनुदानाइतकीच अशा खरेदीदाराची गरज आहे.

कच्च्या मालाची बाजू मात्र दिसते तितकी स्थानिक नाही. उत्तर फ्रान्स आणि बेल्जियममध्ये धाग्यासाठी अळशीची (म्हणजे जवसाचीच) शेती मोठी आहे, पण तेलासाठीचे जवस प्रामुख्याने कॅनडा, कझाकस्तान अशा विस्तीर्ण शेतीच्या देशांतून येते. २००९ मध्ये कॅनडाच्या जवसात ट्रिफिड या जनुकीय बदल केलेल्या वाणाचे अंश युरोपात सापडले आणि कॅनडाची सर्वांत मोठी बाजारपेठ जवळजवळ एका हंगामात बंद झाली. ताग तर युरोपात पिकतच नाही. तो बांगलादेश आणि भारतातून, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून येतो. आमच्या बैठकीच्या खोलीला पाठ पुरवणाऱ्या त्या शेतकऱ्याला आणि तागगिरणीतील कामगाराला त्यातून काय मिळते, हे युरोपीय उत्पादकांनी कार्बनच्या हिशेबाइतक्याच तपशिलाने सांगायला हवे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या शाश्वत उत्पादनविषयक नियमनात उत्पादनांसाठी डिजिटल पासपोर्टची, म्हणजे प्रत्येक वस्तूची माहिती सोबत देणाऱ्या डिजिटल नोंदीची, तरतूद आहे. त्यात या माहितीला जागा मिळावी अशी माझी अपेक्षा आहे.

स्वतःचे घर असेल, दीर्घकाळ राहायचे असेल आणि चांगला कारागीर मिळत असेल तर रोलचे मार्मोलियम निःशंकपणे घ्यावे. भाड्याच्या घरासाठी फळ्या घ्याव्यात आणि जाताना त्या सोबत न्याव्यात. न्हाणीघर, गच्चीलगतची ओल येणारी खोली किंवा नुकतेच ओतलेले काँक्रीट यांसाठी दुसरा पर्याय शोधावा. मागणी नोंदवताना सर्व माल एकाच उत्पादन-खेपेतील असल्याची खात्री करावी, एखादा जादा तुकडा दुरुस्तीसाठी घरात ठेवावा, आणि उरलेले स्वच्छ कात्रण दुकान परत घेते का, हे पैसे देण्यापूर्वी लेखी विचारावे.